तारेची तारीख

(नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका वसाहतीच्या सभागृहात पालकांसमोर एका दंतवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘किशोरवयीन मुलांच्या दंतव्यंगोपचारातील भेटींची वारंवारिता’. हे शीर्षक माझं नाही. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, “पोरांना क्लिपा लावल्यावर दवाखान्यात किती दिवसांनी यायचं, यावर बोलतो.” मंडळाच्या कार्यवाहांनी त्याला धोतर नेसवलं, वर उपरणंही घातलं.

खरं तर उत्तर एका ओळीचं आहे. साधारण चार ते आठ आठवड्यांनी एकदा. तार टोचली, ब्रॅकेट (तार धरायला दाताला चिकटवलेला तुकडा) निघालं, दाताला मार लागला, तर त्याआधी. झालं. पण मला पाऊण तास दिलेला आहे आणि त्यातला पाव तास गुणगौरव समारंभानं आधीच संपवलाय. सगळ्या गुणवंतांचं अभिनंदन. त्यातल्या तिघांच्या तोंडात तारा दिसल्या. तिघंही फोटोला ओठ मिटून हसले. तसं करू नका रे, आईबाबांनी पैसे मोजलेत त्याचे. तर उरलेल्या अर्ध्या तासात चार कुणाला, आठ कुणाला आणि हे ठरवतं कोण, एवढं सांगायचा विचार आहे. बघू कितपत जमतं. आमच्या घरी म्हणतात, मी दात काढायला घेतला तरी आधी त्याचा इतिहास सांगतो.

सुरुवात तक्रारीनं करतो. तीस वर्षं पोटात आहे, आज एवढे पालक एकत्र सापडलेत.

समजा, एक आई इंदिरानगरहून मुलीला घेऊन निघते. क्लास बुडवलेला. मुंबई नाक्याला अडकते, गाडी लावायला जागा नाही म्हणून दोन गल्ल्या पलीकडे लावते, जिना चढून वर येते, अर्धा तास बाहेर बसते. आत आल्यावर मी मुलीच्या तोंडात आरसा घालतो. हिरड्या बघतो, प्रत्येक ब्रॅकेट हलवून बघतो, तार बघतो. सगळं ठाकठीक. रबर बदलतो, कधी तेही नाही. आणि म्हणतो, “छान चाललंय, सहा आठवड्यांनी या.” पाच मिनिटांचं काम.

आई म्हणते, “झालं?”

हा ‘झालं?’ तुम्ही ऐकायला हवा. पंगतीत जिलबीऐवजी बडीशेप वाढली तर जसा निघेल तसा सूर असतो. रात्री वडिलांचा फोन येतो: “डॉक्टर, आज नुसतं बघितलं म्हणे. घट्ट नाही केलं?” आता मी काय सांगू? आपल्याकडे सुई टोचली नाही तर तो डॉक्टर कसला, अशी जुनी समजूत आहे. दुखलं म्हणजे काम झालं, नाही दुखलं म्हणजे फसवलं. त्यातून दर भेटीला हप्ता. म्हणजे वडिलांच्या हिशेबात हप्ता भागिले मिनिटं. पाच मिनिटांना एवढे?

दुसरी तऱ्हा अंबड-सातपूरची. या दोन औद्योगिक वसाहतींनी आपल्या गावाला पोटापाण्याला लावलं, पण नट-बोल्टची भाषाही दिली. टूलरूममध्ये काम करणारे एक गृहस्थ होते, अतिशय सज्जन. दर वेळी खुर्चीशेजारी उभे राहायचे आणि शेवटी हळूच म्हणायचे, “अजून एक आटा फिरवता आला असता का, डॉक्टर?” मी म्हणायचो, यात आटेच नाहीत हो. त्यांना पटायचं नाही. घट्ट करतात म्हणजे आटे असणारच. पंधरा दिवसांनी आणू का, डबल घट्ट करा, दिवाळीच्या आत उरकेल, असा त्यांचा प्रस्ताव होता. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि मुलगा फोटोत यायचा होता.

‘घट्ट करणं’ हा शब्दच आमच्या धंद्याचा वैरी आहे. दात दवाखान्यात सरकत नाही. तो घरी सरकतो. क्लासला जाताना सरकतो, झोपेत सरकतो, मोबाइल बघताना तर भरपूर वेळ मिळतो त्याला.

थोडं शरीरशास्त्र सांगतो, झोपू नका. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, जेमतेम पाव मिलिमीटरचा. दात त्या झोळीत टांगलेला असतो. तारेनं त्याला एकीकडे रेटलं की पडदा एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दाबाच्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी गोळा होतात, ताणाच्या बाजूला हाड बांधणाऱ्या. एकीकडे पाडकाम, दुसरीकडे बांधकाम, आणि मधून दात चालतो. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. तुमची नखं याच्या तिप्पट वेगानं वाढतात.

आता जोर जास्त लावला तर? पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्याच चेपल्या जातात. रक्त नाही म्हणून तिथं पेशी नाहीत. तेवढा भाग सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखा दिसतो, निर्जीव. पाडकामाचे मजूर समोरून येऊच शकत नाहीत, ते मागून, हाडाच्या आतून पोखरत येतात. यात एक ते दोन आठवडे जातात, पडद्याला सावरायला जवळपास तेवढेच. तोवर दात जागच्या जागी. म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा जोर लावायचा, म्हणजे घायाळ जागेवर परत घाव घालायचा. दात लवकर हलत नाही. उलट मुळाची टोकं झिजायचा धोका वाढतो, आणि झिजलेलं मूळ पुन्हा वाढत नाही. श्वार्झ नावाच्या संशोधकानं १९३२ मध्येच लिहून ठेवलंय की दाब या बारीक वाहिन्यांतल्या रक्ताच्या दाबापलीकडे जाऊ नये. त्यानं आकडाही दिला, चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. एखादा पुढचा दात नुसता कलता करायला ५० ग्रॅमच्या आसपास जोर पुरतो. एका अंड्याचं वजन. टूलरूमवाल्या गृहस्थांना मी हे अंड्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. एवढ्याशा जोराचे इतके पैसे?

तर खालची मर्यादा इथून येते. तीन आठवड्यांच्या आत जोर लावण्यासाठी बोलवायचं नाही. पूर्वी सगळीकडे महिन्याचा रिवाज होता, त्याचं मूळ हेच: तीन आठवडे, वर एक सुटीचा.

मग आठ आठवडे कुठून आले? ते दाखवायला मी सामान आणलंय. ही बघा तार. मागच्यांना दिसणार नाही, फार बारीक आहे, विश्वास ठेवा. या पेल्यात बर्फाचं पाणी आहे. तार बुडवली. आता बाहेर काढून वेडीवाकडी वाकवतो. बघा, मऊ सुतासारखी वाकली, तशीच राहिली. आता गरम चहा... हा चहा गार झालाय. कार्यवाह, हा गुणगौरवाच्या आधीचा चहा आहे. असू दे. कोमट आहे, आणि तोंडसुद्धा कोमटच असतं. बुडवतो... हं! सरळ झाली. पहिल्या रांगेनं पाहिलं, तुम्ही साक्षीदार.

ही निकेल-टायटॅनियमची तार. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर या धातुतज्ज्ञाच्या हाताला हा मिश्रधातू लागला, त्यामुळे नाव पडलं निटिनॉल: निकेल, टायटॅनियम आणि प्रयोगशाळेची आद्याक्षरं. तो दातांच्या कामी आणला आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रियासन यांनी, १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत. याच्या आधी आमच्या हातात स्टीलची तार होती. स्टील वाकड्या दातात अडकवलं की पहिल्या दिवशी राक्षसासारखा जोर आणि दात जरा हलला की जोर संपला. निटिनॉल वाकड्या दातापर्यंत वाकते आणि आपला मूळ आकार आठवत राहते. आठवडेच्या आठवडे हळूहळू, एकसारख्या जोरानं दाताला ओढत राहते. तिला मधे आमची गरज नाही. चौथ्या आठवड्याला तुम्ही मुलाला आणलंत तर ती अजून कामावरच असते. अशा वेळी मी ती काढून दुसरी घालणं म्हणजे चालू बसमधून उतरून त्याच बसचं नवीन तिकीट काढणं.

एक आडकथा. या तारेमुळे दात ठणकले की थंड पाण्याची गुळणी करा, तार थोडा वेळ मऊ पडते, बरं वाटतं. निफाडचा एक विद्यार्थी मला म्हणाला होता, “सर, आमच्याकडे डिसेंबरात सायकलवर तोंड उघडं ठेवून गेलं तरी पुरतं.” निफाडचा पारा पेपरात रोज छापून येतो, त्याचा असा उपयोग मी आधी ऐकला नव्हता.

आता कबुली देतो. निटिनॉलची तार हातात आल्यावरही बरीच वर्षं मी सगळ्यांना महिन्यानेच बोलवत होतो. का? कारण हप्ता महिन्याचा होता. पगार एक तारखेला, हप्ता पाच तारखेला, म्हणून भेट पाच तारखेला. म्हणजे ज्या हिशेबाबद्दल मी मघाशी वडिलांना नावं ठेवली, तोच हिशेब मीही करत होतो. पुढे मी हप्ता आणि भेट वेगळे केले. हप्ता महिन्याला ऑनलाइन येतो, भेट तारेच्या गरजेनं. पालकांना सुरुवातीला संशय आला. पैसे महिन्याला घेतो आणि बोलवतो दोन महिन्यांनी! एका आजोबांनी तर मला विचारलं, मधल्या महिन्याचे पैसे कशाचे? मी म्हटलं, मधल्या महिन्यात दात सरकतो त्याचे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे व्याख्यान स्वीकारलं, ती गोष्ट. घड्याळात बघू नका, लांबणार आहे.

निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार. आपण त्यांना तात्या म्हणू. मुलगा नववीत, वरचे दात पुढे, खालचे दाटीवाटीनं. तात्यांना मी सगळं समजावत होतो, हाड, पडदा, पेशी, आणि त्यांचा चेहरा कोरा. मग मला सुचलं. म्हटलं, “तात्या, तुमच्या बागेत वेल तारेवर कशी नेता?” एकदम माणूस उमलला. अर्धा तास बोलले. ओलांडा, म्हणजे तारेवरची आडवी फांदी, कसा तयार करतात, काडी कोवळी असताना ओढली तर मुळातून कशी निघते, फार जून झाली तर वळतच नाही, सुतळीचा फास सैल कसा ठेवायचा, नाहीतर काडीत रुतते. मी म्हटलं, झालं! हेच दाताचं. आम्ही तार लावतो, बांधतो, वाढ ती आपली आपण होते. रोज जाऊन वेल ओढायची नसते.

तात्या खूश, मी त्याहून खूश. तीस वर्षांत मला एवढी चांगली उपमा सापडली नव्हती. पुढच्या आठ दिवसांत मी ती दहा पालकांना ऐकवली. एका परिषदेतही वापरली.

एप्रिलमध्ये तारा लावल्या. सहा आठवड्यांची तारीख दिली. मुलगा आला नाही. फोन केला, लागला नाही. जुलै गेला. पोळा गेला. गणपती गेले. ऑक्टोबरात एक दिवस तात्या मुलाला घेऊन हजर, हातात पेढे. मी म्हटलं, अहो तात्या, सहा महिने! तात्या शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, तुम्हीच म्हणले होते ना, वेलीसारखं. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलची खरड छाटणी झाली तेव्हा आलो, आता फळछाटणी आली, आलो.”

हसताय काय? मला त्या वेळी हसू आलं नव्हतं. माणसानं माझं म्हणणं शब्दश: पाळलं होतं. माझ्या उपमेत भोक होतं आणि तात्या त्यातून आरपार निघून गेले.

पोराच्या तोंडात काय होतं ते सांगतो. वरच्या दातांमधली फट बंद करायला घालतात ती रबराची साखळी, चेन म्हणतो आम्ही, ती अजून लावलेलीच नव्हती, हे आमचं नशीब. तरी बारीक रबरांच्या कड्या पिवळ्याजर्द होऊन लोंबत होत्या. खालच्या डाव्या सुळ्याचं ब्रॅकेट कधीचंच निघालं होतं. बाकीचे दात रांगेत यायला लागले आणि हा एकटा गर्दीत सापडलेल्या माणसासारखा वळून उभा. मागच्या दाढेजवळ तारेचं टोक बाहेर आलं होतं, गालाला टोचत होतं. ते पोरानं कापलं होतं. कशानं? छाटणीच्या कात्रीनं. आई म्हणाली, “धुऊन घेतली होती हो.” आणि सगळ्यात वाईट म्हणजे ब्रॅकेटभोवती पांढरे चट्टे. दाताच्या चकाकीवर खडू घासल्यासारखे. कीड लागण्याची ती पहिली पायरी. ब्रॅकेटभोवती किटण साचलं आणि घासलं गेलं नाही तर असे चट्टे चार आठवड्यांतही उमटू शकतात. इथं सव्वीस आठवडे झाले होते. हे चट्टे पुढे फिके होतात, पण बऱ्याचदा पूर्ण जात नाहीत. दात सरळ झाले की माणूस जास्त हसतो, आणि चट्टे तेव्हाच दिसतात.

मी तात्यांना म्हणालो, बागेत तुम्ही वर्षातून दोनदाच जाता का? तात्या म्हणाले, छे, रोज जातो. भुरी आली का बघतो, वांझ फूट काढतो, फास रुतलाय का बघतो. मी म्हटलं, मग त्या रोजच्या चकरा कुणी सांगायच्या होत्या? तात्या क्षणभर थांबले. म्हणाले, “ते तुम्ही सांगायचं राहिलं.”

खरंच राहिलं होतं. छाटणी दोनदा, पण पाहणी रोज. माझी उपमा छाटणीपाशी थांबली होती. त्या मुलाचं काम अंदाजापेक्षा आठ-नऊ महिने लांबलं. सुळा परत आणायला गेले तेच बरेचसे. नंतर मात्र तात्या एकदाही चुकले नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन काढणीत, व्यापाऱ्याचे ट्रक दारात उभे असतानाही मुलाला पाठवलं, पुतण्याच्या मोटारसायकलवर. शेवटच्या दिवशी द्राक्षांची पेटी आणून दिली. बिया नसलेली. म्हणाले, “ही तारेवरची.”

अरे, चिठ्ठी आली. ‘सर, दहा मिनिटं.’ पाहिलंत, उपमेनं पुन्हा माझा घात केला. आता मूळ विषय दहा मिनिटांत. वह्या काढा.

पहिला टप्पा, दात रांगेत आणणं. निटिनॉलची तार असते, काम तिचं तीच करते. सहा ते आठ आठवडे. पहिल्या वेळी मात्र मी चारएक आठवड्यांनी बोलवतो, तारेसाठी नव्हे, घासायला जमतंय का ते बघायला.

दुसरा टप्पा, फटी बंद करणं, बहुतेक दात काढून जागा केलेली असते तेव्हा. इथं रबराची चेन येते. चेन तारेसारखी स्मरणशक्तीवाली नाही, विसराळू आहे. तोंडात गेल्यावर पहिल्या चोवीस तासांतच तिचा निम्म्याहून जास्त जोर ओसरू शकतो, मग उरलेला हळूहळू. चार ते सहा आठवड्यांनंतर ती नुसती शोभेला. म्हणून या काळात भेटी जवळ जवळ, चार ते सहा आठवडे. “मागच्या वेळी दोन महिन्यांनी बोलावलं, आता महिन्यानी, काही बिघडलंय का?” असं विचारतात. काही बिघडलेलं नाही. साधन बदललं, तारीख बदलली.

तिसरा टप्पा, शेवटची सफाई. स्टीलची तार, तिला हातानं बारीक वळणं देतो. इथं मी काय केलंय ते मला लवकर बघायचं असतं, चूक असेल तर परत फिरवायची असते. तीन-चार आठवडे, फार तर पाच.

घरी लावायचे रबर, म्हणजे वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेला, ते रोज नवीन. जेवताना आणि घासताना काढायचे, बाकी दिवसरात्र. हे रबर जो मुलगा नीट लावत नाही त्याला मी दर आठवड्याला बोलावलं तरी काही होणार नाही. “रात्री लावतो” म्हणतात. रात्री बांधकाम, दिवसा पाडकाम, महिनाभरानं दात तिथंच.

टाळू रुंद करायचं यंत्र असेल, किल्लीनं फिरवायचं. हां, इथं खरोखर आटे आहेत! टूलरूमवाल्यांना हे कळवलं पाहिजे. एका फिरकीला पाव मिलिमीटर, रोज घरी आईबाबांनी फिरवायची. हे चालू असेतो आठवड्या-पंधरवड्यानं दाखवायला यायचं. खालचा जबडा पुढे आणायची काढघाल करायची साधनं असतात, त्यांना साधारण सहा आठवडे. पण त्यात वय चुकवून चालत नाही, मुलींची उंची वाढण्याचा जोर मुलांच्या आधी येतो, दोनएक वर्षं आधी. “दहावी झाली की बघू” म्हणणाऱ्यांची मुलगी दहावी होईतो वाढून मोकळी झालेली असते.

पारदर्शक अलायनर, म्हणजे तारांऐवजी दातांवर बसवायच्या, काढता-घालता येणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या. त्या घरीच आठवड्यानं किंवा दोन आठवड्यांनी बदलायच्या. भेट दीड-दोन महिन्यांनी, सगळं सुरळीत असेल तर अडीच-तीनही चालतात. मात्र पट्टी दिवसात २० ते २२ तास घालायची. डब्यात ठेवलेली पट्टी डब्याचे दात सरळ करते.

आणि ज्या ब्रॅकेटला रबर लागत नाही, स्वतःचं झाकण असतं, त्यासाठी काहीजण सांगतात की तीन-तीन महिन्यांनी आलात तरी चालेल आणि काम लवकर संपेल. झाकणाची सोय आहे, मीही वापरतो. पण त्यानं एकूण काळ कमी होतो हे अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसलेलं नाही. दाताला झाकण कळत नाही, हाड कळतं.

गणित करून बघा. दोन वर्षं म्हणजे १०४ आठवडे. चार आठवड्यांनी आलात तर २६ भेटी, सहानं १७, आठानं १३. नेहमीचा उपचार दीड-दोन वर्षांचा धरा. यात मधल्या चुकलेल्या भेटी आणि तुटलेली ब्रॅकेटं नाहीत, आणि उपचार लांबण्याची नेहमी सापडणारी कारणं हीच दोन. एक ब्रॅकेट निघालं आणि चार आठवडे तसंच राहिलं, तर तो दात चार आठवडे रजेवर. कधी उलटाही चालतो. म्हणून ब्रॅकेट निघालं तर त्याच दिवशी फोन. फोटो पाठवा, चालेल, फोटोवरून मी सांगतो लगेच यायचं की दोन दिवसांनी. पण नुसत्या फोटोवर भेट उरकत नाही, हललेलं ब्रॅकेट आणि सुजलेली हिरडी फोटोत लपते. तार टोचली तर टोकावर तारांसाठीचं मेण लावा. कात्री नको. धुतलेलीसुद्धा.

भेटीची तारीख तारेवर ठरते, एक अपवाद धरून: घासणं. जो नीट घासत नाही त्याला मी निटिनॉल असली तरी चार आठवड्यांनी बोलावतो. त्याला वाटतं शिक्षा, आईला वाटतं डॉक्टर पैसे काढतोय. दोघांनाही सांगतो, मी चट्टे बघायला बोलावतोय. आणि माझ्याकडे येणं म्हणजे दातांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणं नव्हे. ते सहा महिन्यांनी वेगळं, काहींना तीन-चार महिन्यांनी. कीड ते बघतात, सफाई ते करतात.

परीक्षा. दहावी-बारावीच्या वर्षी जानेवारीतच सांगा, मी लांब चालणारी तार घालून देतो, परीक्षा संपल्यावर या. पण ‘परीक्षा’ ऑगस्टपासून सुरू करू नका. काही पालक तर सिंहस्थासारखे उगवतात. २०१५ मध्ये गोदाकाठी गर्दी होती तेव्हा मुलीच्या तारा लावून घेतलेल्या एक बाई मला अलीकडे भेटल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, तारा काढायच्या राहिल्यात.” मुलगी आता नोकरीला आहे.

दोन मिनिटं म्हणतायत. एकच प्रश्न घेऊ. हो, आजोबा, बोला. “नातीच्या तारा निघाल्या, आता चकरा संपल्या ना?”

नाही हो. तारा काढल्यावर रिटेनर असतो, दात नव्या जागी धरून ठेवायला. पडद्याचे तंतू ताणलेले असतात, ते दाताला जुन्या जागी ओढायला बघतात. पहिले काही महिने दिवसरात्र, मग रात्रीचा, आणि रात्रीचा शक्य तितकी वर्षं. भेटी एका महिन्यानं, मग तीन, सहा, मग वर्षातून एकदा. आणि जेवताना तो रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका, ताटाबरोबर धुवायला जातो. डबी द्या तिला.

चिवडा येतोय वाटतं. ज्यांच्या तारा आहेत त्यांनी खोबऱ्याचे काप बाजूला काढा, शेंगदाणे सावकाश. आणि तू, ते गणिताचं पदक मिळालेला. हो, तूच. पदक घेताना चुकून हसलास तेव्हा दिसलं, वरचं उजवीकडचं ब्रॅकेट तारेवर लोंबतंय. चिवडा नको खाऊस. जिथं तारा लावल्यात तिथं उद्या सकाळी फोन कर.